ओळख नसलेलं जुनं इंजिन गाडीत बसवताना: कामाचा क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

जुन्या बाजारातून उचललेलं इंजिन एका कोपऱ्यात, आणि इंजिनाविना वर्षानुवर्षं उभी असलेली चासी दुसऱ्या कोपऱ्यात. दोन्ही हाताशी आली की सोलापुरात पुढची पायरी ठरलेली असते: वेल्डरला फोन. घोळ तिथेच सुरू होतो. चासीचा पाइप कापला जातो, इंजिन धरणाऱ्या प्लेटा चिकटवल्या जातात, आणि मग कळतं की चेन टायरला घासतेय, टाकी बसवल्यावर हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) काढायला जागा उरत नाही किंवा इंजिन मुळात पंपाचं होतं.

खालच्या क्रमात वेल्डिंग फार उशिरा येतं. काम नीट झालं तर चासीला वेल्डिंग लागतच नाही. प्लेटा पुन्हा बनवता येतात, इंजिनही दुसरं मिळतं. गाडीचा कागद मात्र चासीच्या नंबरावर उभा असतो. म्हणून एक नियम आधीच: चासी कापायची नाही, घासायची नाही, तिला नवी भोकं पाडायची नाहीत.

## १. पैसे देण्याआधी: नंबर आणि कागद

इंजिनावरचा नंबर शोधा. जुन्या ब्रिटिश सिंगलमध्ये (एका सिलिंडरच्या इंजिनात) तो सहसा बॅरलच्या म्हणजे सिलिंडरच्या पायथ्याशी, क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटीवर) असतो. ती जागा रॉकेल आणि पितळी ब्रशने धुवा. पॉलिश पेपर, कानस, ग्राइंडर यातलं काहीही लावू नका. साफ झाल्यावर खडू चोळून पुसा, आकडे उठून दिसतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे ओतकामातला आकडा इंजिन नंबर समजून लिहून घेणं. ओतकामाचे आकडे वर उठलेले असतात. ते त्या सुट्या भागाचे असतात आणि तसल्या हजारो इंजिनांवर तेच सापडतात. इंजिन नंबर पंचाने ठोकलेला, आत गेलेला असतो.

सावध: नंबराची जागा आजूबाजूपेक्षा खोलगट, जास्त गुळगुळीत किंवा वेल्डिंगने भरलेली दिसली तर इंजिन तिथेच ठेवा. कितीही स्वस्त असलं तरी.

नंबर मिळाला की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत चोरीच्या नोंदी तपासा. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर, तारीख, नाव आणि सही असलेली पावती घ्या. भंगारवाला “पावती कशाला, मालक?” म्हणणारच. तरी घ्या. ही पावती पुढे आरटीओत, आणि एखाद्या नाक्यावर हवालदारासमोरही, तुमच्या बाजूने बोलते.

आता कायदा, कारण याच बाबतीत लोक सर्वांत जास्त बेफिकीर असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांचा मेळ बसणार नाही. इंजिन बदललं तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवणं वेगळं आणि २५० सीसीच्या चासीत ५०० सीसीचं इंजिन घालणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला परवानगी मिळेलच असं गृहीत धरून एकही प्लेट कापू नका. आरटीओत आधी लेखी विचारा.

व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर आणखी थांबा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही त्यातली अट आहे. परकं इंजिन घातलंत की ती वाट तुम्हीच बंद केलीत.

## २. इंजिन ओळखणं

टाइमिंग कव्हरवरच्या नावावर विश्वास ठेवू नका. कव्हर चार स्क्रूंनी बदलता येतं. विकणाऱ्याच्या “ओरिजिनल बीएसए आहे साहेब” वर तर अजिबात नको. इंजिनाची ओळख मापातून काढायची.

हेड काढा. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) व्हर्निअरने मोजा, पण वरच्या तोंडाशी नको, तिथे रिंगने झिजवून पायरी पाडलेली असते. बॅरलच्या खालच्या भागात, जिथे रिंग पोचत नाही, तिथे मोजा. मग पिस्टन सर्वांत वर आणि सर्वांत खाली नेऊन डेप्थ गेजने स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) काढा. प्लगच्या भोकातून तिरकी सळई घालून काढलेला स्ट्रोक चुकतो.

हिशोब असा: बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, भागिले १०००. जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७० मि.मी., स्ट्रोक ९०. उत्तर ३४६ सीसी.

आपल्याकडे सापडणाऱ्या काही इंजिनांची मापं:

- रॉयल एन्फील्ड बुलेट ३५०: ७० × ९०
- मॅचलेस जी३एल: ६९ × ९३
- नॉर्टन १६एच: ७९ × १००
- बीएसए एम२०: ८२ × ९४
- जावा आणि येझदी २५०: ६५ × ७५

पहिल्या दोन ओळी पुन्हा पाहा. बोअरमध्ये फरक फक्त १ मि.मी. आणि जुनं इंजिन बहुधा एकदा तरी रीबोअर झालेलं (सिलिंडर आतून कापून रुंद केलेलं) असतं. मॅचलेसला ४० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन पडला असेल, म्हणजे १.०१६ मि.मी., तर बोअर थेट ७० भरतो आणि मिस्त्री छातीठोकपणे सांगतो, “बुलेटचंच आहे.” स्ट्रोक मोजला की ९० आणि ९३ मधला फरक लपत नाही. रीबोअरने बोअर बदलतो, स्ट्रोक बदलत नाही. म्हणून दोन्ही मापांत मतभेद झाला तर स्ट्रोकचं ऐका.

मापानंतर या चार गोष्टी वहीत लिहा:

आटे. थ्रेड गेज वापरा. जुन्या ब्रिटिश इंजिनात बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) आणि इंचाला २६ आट्यांचा सायकल थ्रेड, जावा-येझदीत मेट्रिक. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मि.मी., त्यामुळे ८ मि.मी.चा बोल्ट त्यात दोन फेरे आरामात जातो. तिसऱ्याला जड लागतो, मग कुणीतरी पान्याला पाइप लावतो आणि ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला नाही तर तो त्या भोकाचा नाही.

केसच्या दोन बाजू. क्रँककेसच्या दोन्ही अर्ध्या भागांचं बेअरिंगचं भोक एकत्र बोअर केलेलं असतं. पुष्कळ इंजिनांत दोन्हींवर जुळणारा आकडा ठोकलेला असतो. वेगवेगळ्या इंजिनांच्या अर्ध्या जोडलेल्या असतील तर क्रँक वाकडी फिरते आणि मेन बेअरिंग टिकत नाही.

फिरण्याची दिशा. प्रायमरी चेन (इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारी) आणि वेगळा गिअरबॉक्स असलेल्या गाडीत क्रँक चाकाच्याच दिशेने फिरते. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहिलं तर घड्याळाच्या उलट. पंपाची किंवा जनरेटरची इंजिनं दुसऱ्या दिशेचीही असतात. फोर स्ट्रोकमध्ये तपासायची रीत सोपी आहे: दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टन वर, अशा स्थितीतून क्रँक हवी त्या दिशेने फिरवा. आधी एक्झॉस्ट उघडला तर दिशा बरोबर. आधी इनलेट उघडला तर इंजिन उलटं. गव्हर्नर किंवा पंख्याचं पत्र्याचं कव्हर बसवायच्या खुणा दिसल्या तर ही तपासणी सोडूच नका.

प्लग. १४ मि.मी. की १८ मि.मी., आणि आट्याची लांबी अर्धा इंच की पाऊण. अर्धा इंचाच्या हेडमध्ये पाऊण इंचाचा प्लग घातला तर तो आत डोकावतो, पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागतो.

तपासा: बोअर, स्ट्रोक, आट्यांचा प्रकार, दिशा आणि इंजिन नंबर वहीत आल्याशिवाय तिसऱ्या टप्प्याला हात लावू नका.

## ३. टेबलावर

किक मारू नका. जाम असो वा मोकळं, आधी बोअरमध्ये तेल सोडा. जाम असेल तर डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण भरून काही दिवस विसरून जा. रोज क्रँकला हलकासा हिसका देऊन पाहा. पिस्टनच्या डोक्यावर लाकूड ठेवून हातोडा मारणारे महाभाग अजून आहेत. त्यात कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते गाडी चालू झाल्यावर कळतं.

मोकळं झालं की रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. बिग एंडला (रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) वर-खाली खेळ अजिबात नको. बाजूला थोडा सरकला तर चालतं. खेळ असेल तर क्रँक उघडावीच लागेल, आणि तो खर्च इंजिनाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकतो. हे आत्ताच कळलेलं बरं.

टू स्ट्रोक असेल तर क्रँकची ऑइल सील बघत बसू नका, बदला. सील गळकी असली की इंजिन हवा ओढतं, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन चिकटतो. फोर स्ट्रोकमध्ये ऑइल पंप उघडून साफ करा. तेलाची वाट रॉकेलच्या पिचकारीने मोकळी असल्याची खात्री करा.

## ४. रिकाम्या केसवर मांडणी

लोकांना हाच टप्पा नको असतो, आणि पुढचं सगळं यावरच ठरतं.

बॅरल, हेड, क्रँक बाहेर काढा. रिकामी केस हलकी असते, एकट्याने उचलून हवी तशी सरकवता येते. चासी स्टँडवर सरळ उभी करा. दोन्ही चाकं बसवलेली हवीत, मागचं चाक ॲडजस्टरच्या मधोमध. केसखाली लाकडाच्या पट्ट्या आणि पाचरी देऊन ती अंदाजे जागी आणा.

पहिली चेन लाइन. इंजिन चासीच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे, हा समज सोडा. मध्य कुठेही येवो, मागचं स्प्रॉकेट आणि गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट एका रेषेत हवं. मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला लांब सरळ पट्टी टेकवून ती पुढपर्यंत न्या. फरक १ मि.मी.च्या आत आणा. वेगळा गिअरबॉक्स असेल तर आधी मागची चेन लाइन, मग गिअरबॉक्स पक्का, आणि शेवटी त्याला धरून इंजिनाची प्रायमरी लाइन. हा क्रम उलटा केला तर दोन्ही लाइनी कधीच एकत्र जुळत नाहीत. दोन-तीन मि.मी. कमी पडले तर स्प्रॉकेटमागे लेथवर केलेला स्पेसर घाला. वॉशरची चळत लावून इंजिन सरकवू नका.

मग कल. इंजिन पुढे-मागे किती झुकलेलं असावं? ऑइल ड्रेन सर्वांत खालच्या बिंदूला आणि कार्ब्युरेटरचा फ्लोट चेंबर उभा, ही खूण धरा. कल बदलला की फ्लोटची पातळी बदलते, आणि तेल ओढायच्या जागेपासून दूर साठतं.

मग जागा. आता बॅरल, हेड, टाकी, सायलेन्सरचा बेंड तात्पुरते लावा आणि बघा:

- टाकी जागेवर असताना प्लग काढता येतो का, टॅपेट सेट करता येतात का.
- इंजिन न उतरवता हेड आणि बॅरल वर निघतात का.
- फोर्क पूर्ण दाबल्यावर पुढचं मडगार्ड बेंडला लागतं का. स्टँडवर असताना हे दिसत नाही. स्प्रिंगा काढून दाबा.
- किकचा पूर्ण फेरा फूटरेस्टला न लागता होतो का.
- ब्रेक पेडल आणि गिअर लिव्हर कोणत्या बाजूला येतायत. जुन्या ब्रिटिश गाड्यांत गिअर उजवीकडे, जावा-येझदीत डावीकडे, तेही किकच्याच लिव्हरने. चासी एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं असलं की दोन्ही एकाच बाजूला येऊन बसतात.

यातलं एकही जमत नसेल तर पाचरी हलवा, पुन्हा मांडा. इथे दोन संध्याकाळी गेल्या तरी हरकत नाही.

## ५. प्लेटा

आधी पुठ्ठा, मग प्लायवुड, मग लोखंड. चासीवरची मूळ भोकं आणि केसचे कान (बोल्ट बसायच्या बाहेर आलेल्या जागा) जोडणाऱ्या प्लेटा साधारण ६ मि.मी. माइल्ड स्टीलच्या करा.

सोलापुरात एक सोय आहे: यंत्रमागाचे शाफ्ट आणि बुश करणारे लेथवाले. एकेक नग करायला ते कुरकुरत नाहीत. पण त्यांच्याशी तोंडी बोलू नका. “दोन सूत जाड” म्हणालात तर ते ६.३५ मि.मी. धरतील, तुमच्या मनात ६ असेल, आणि दोन्ही बाजू मिळून चेन लाइन पाऊण मि.मी. हललेली असेल. कागदावर आकृती, सगळी मापं मि.मी.मध्ये, आणि सोबत प्लायवुडचा नमुना द्या.

बोल्ट ८.८ ग्रेडचे. प्लेटमध्ये बोल्टचा गुळगुळीत दांडा बसला पाहिजे. आटे भोकात आले तर ते भोक कानसासारखं खातात.

जुनी चासी नीट पाहा. तिचे पाइप लग्जमध्ये (सांध्याच्या ओतीव खोबणींत) पितळेने ब्रेझिंग केलेले असतात. जवळ आर्क वेल्डिंग केलं तर तो सांधा सैल पडतो आणि बाहेरून रंगाखाली काहीच कळत नाही. प्लेटांना आपसात वेल्ड करायचं असेल तर त्या खाली उतरवून करा. इंजिन गाडीत असताना वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगवर डाग पडतात.

आवळायचा क्रम: सगळे बोल्ट सैल बसवा. आधी मागचे म्हणजे गिअरबॉक्सकडचे, मग खालचे, मग पुढचे, सर्वांत शेवटी हेडचा आधार.

सावध: प्लेट आणि कान यांच्यात फट दिसली तर बोल्ट आवळून ती मिटवू नका. फिलर गेजने मोजा, तेवढ्या जाडीची शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला. ओढून मिटवलेली फट केसच्या कानात ताण होऊन राहते आणि काही महिन्यांनी कान तडकतो. जुनी ॲल्युमिनियम केस दुरुस्त करणं कटकटीचं, खर्चिक आणि बेभरवशाचं.

## ६. तेल, करंट, पेट्रोल

बुलेटमध्ये तेलाची जागा क्रँककेसमध्येच आहे. इतर बऱ्याच जुन्या ब्रिटिश इंजिनांना वेगळी ऑइल टाकी आणि दोन नळ्या लागतात: एक पंपाकडे नेणारी, एक परत आणणारी. त्या अदलाबदल झाल्या तर इंजिन कोरडं चालतं. नळ्यांना रंगीत टेप लावा. प्लग काढून किक फिरवत राहा आणि टाकीत परतीच्या नळीतून तेल पडताना डोळ्यांनी पाहा. त्याआधी प्लग लावायचा नाही.

करंटच्या बाबतीत ६ व्होल्ट की १२, हे आधी ठरवा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला (अर्थिंगला) जोडलेलं असतं. नेहमीच्या सवयीने उलटं जोडलं तर डायनॅमो आणि रेग्युलेटरचं नुकसान होतं. पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या उघडझाप संपर्काची) फट मॅग्नेटोला साधारण १२ थाऊ, कॉइलला १५ थाऊ ठेवून सुरुवात करा. टाइमिंगचा खात्रीचा आकडा नसेल तर थोडं उशिराच्या बाजूला ठेवा. उशिरा पेटणारं इंजिन तापतं, रडतं. लवकर पेटणारं पिस्टनला भोक पाडतं.

पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. त्यातलं इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असलं तरी जुन्या रबरी नळ्या आणि कॉकमधला बूच ते ओळखत नाहीत. नळी फुगते, बुचावरचं लाखेचं लेपण सुटतं. इथेनॉल चालणारी नळी घ्या. मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची मुख्य तोटी) एक नंबर मोठा घालून सुरुवात करा.

गिअरिंगचा हिशोबही इथेच करा. टॉप गिअरचं एकूण गुणोत्तर ५.५ आणि मागच्या टायरचा घेर २.०५ मीटर असेल तर ३००० आरपीएमला वेग साधारण ६७ कि.मी. येतो. इंजिन चासीच्या मूळ इंजिनापेक्षा लहान असेल तर पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दात कमी करा, नाहीतर चढावर क्लच जळेल.

## ७. पहिला धूर, पहिली फेरी

वाळूची बादली किंवा आग विझवायचं सिलिंडर जवळ. टू स्ट्रोकला सुरुवातीला लिटरमागे ५० मि.ली. तेल. चालू झालं की जागेवर तीन-चार मिनिटं, त्याहून जास्त नाही. उभ्या गाडीला वारा लागत नाही. तेल परत येतंय का, ठोका येतोय का, माउंटिंगपाशी थरथर किती, एवढं बघा आणि बंद करा. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळा.

आरसीवरची नोंद आणि विमा झाल्याशिवाय रस्त्यावर नको. पहिली फेरी सकाळी लवकर. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ४० च्या पुढे असताना नवं बसवलेलं एअर-कूल्ड इंजिन बाहेर काढणं म्हणजे ते मुद्दाम सीझ (जाम) करणं. तुळजापूर रोडने हिप्परगा तलावापर्यंत जाऊन परत येणं पुरेसं आहे. ५० च्या आत ठेवा, पण एकाच वेगावर थ्रॉटल धरून राहू नका. क्लचवर दोन बोटं असू द्या. मागचं चाक अडकल्यासारखं वाटलं की तत्क्षणी दाबा.

परत आल्यावर गाडी आहे त्या अवस्थेत, धुण्यापूर्वी, बघा. चेनच्या कड्यांच्या एकाच बाजूला चकाकी आली असेल तर चेन लाइन अजून चुकलेली आहे. प्लेटांच्या कडेला तांबूस-काळी भुकटी दिसली तर तो बोल्ट सैल आहे. प्लग पांढरा पडला असेल तर जेट आणखी मोठा करा. चेनची ढील मोजताना गाडीवर कुणाला तरी बसवा. स्विंग आर्म असलेल्या गाडीत पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ असते, तिथे थोडी ढील उरली पाहिजे.

फोर स्ट्रोकचं पहिलं तेल १५० ते २०० कि.मी.ला बदला. काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळा. बारीक करडी पूड आली तर चालेल. चमकणारे कण किंवा पितळी चुरा आला तर गाडी पुन्हा टेबलावर.